न्यू ऑर्लिन्सची तालीम

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मोबील नावाचे बंदर आहे. १९५२ च्या उत्तरार्धात तिथे लागलेल्या एका ब्रिटिश व्यापारी जहाजावरून चोवीस वर्षांचा एक खलाशी खाली उतरला आणि पुन्हा जहाजावर चढला नाही. बस पकडून तो न्यू ऑर्लिन्सला गेला. जहाजावरची नोकरी त्याने पत्करली होती तीच मुळी कधीतरी या शहराच्या आसपास पोचता यावे म्हणून. ट्रम्पेट वाजवणाऱ्या या तरुणाचे नाव केन कॉलियर. मार्च १९५३ मध्ये तो इंग्लंडला परतला तो तुरुंगाची हवा खाऊन, हद्दपार होऊन. मधल्या काही महिन्यांत त्याने जे ऐकले आणि जे वाजवले त्यावर त्याची पुढची पस्तीस वर्षे उभी राहिली. पुढील पानांत वाचकाला भेटणार आहे तो हा माणूस. परदेशात जाऊन नाव काढणारे ब्रिटिश ट्रम्पेटवादक तसे बरेच झाले. स्कॉटलंडमधल्या डंडी गावचा जिमी ड्यूकर आणि सेंट व्हिन्सेंट बेटावरून लंडनला आलेला कवी-वादक शेक कीन हे दोघेही जर्मनीतल्या कोलोन शहरी कुर्ट एडेलहागेनच्या वाद्यवृंदात नोकरीला होते. जमैकात जन्मलेला डिझी रीस लंडनमध्ये तयार झाला आणि १९५९ मध्ये न्यूयॉर्कला गेला. हे सगळे आपली तयार कला घेऊन गेले; कुणाला पगार हवा होता, कुणाला मोठ्या शहराची पावती. कॉलियर गेला तो शिकायला. त्याच्या परदेशवासाकडे तालीम म्हणून पाहिले, तरच त्याचा पुढचा हट्ट, त्याची भांडणे आणि त्याचे मोठेपण यांचा एकत्र अर्थ लागतो, असे माझे म्हणणे आहे.

शिकायला इतक्या लांब, तेही नोकरी आणि अब्रू पणाला लावून, का जावे लागले, हे आधी समजून घेतले पाहिजे. १९३२ मध्ये लुई आर्मस्ट्राँग आणि १९३३ मध्ये ड्यूक एलिंग्टन इंग्लंडमध्ये वाजवून गेले होते. १९३५ पासून मात्र ब्रिटिश वादकांच्या संघटनेच्या आग्रहावरून सरकारने अमेरिकन वाद्यवृंदांना परवाने देणे थांबवले. अमेरिकेतली संघटनाही ब्रिटिश वाद्यवृंदांना दार उघडत नव्हती, त्यामुळे हे जशास तसे होते. एखादा वादक करमणुकीच्या खेळांतला कलाकार म्हणून येऊन जाई, पण अख्खा जाझ वाद्यवृंद येणे जवळजवळ बंद झाले. १९४९ मध्ये सिडनी बेशे लंडनमध्ये हम्फ्री लिटलटनच्या वाद्यवृंदाबरोबर परवान्याशिवाय वाजवून गेला तेव्हा कार्यक्रमाच्या आयोजकांवर खटला झाला. ही कोंडी १९५६ मध्ये फुटली. म्हणजे १९२८ मध्ये ग्रेट यार्मथ गावी जन्मलेल्या आणि लंडनच्या सोहो भागात वाढलेल्या कॉलियरच्या पिढीने जाझ ऐकले ते थोरला भाऊ बिल याच्यासारख्या शौकिनांनी जमवलेल्या तबकड्यांवरून. इथे मुंबईची आठवण अपरिहार्य आहे. लंडनने दार लावले त्याच १९३५ च्या अखेरीस मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद वाजू लागला. मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. गोव्याचे फ्रँक फर्नांड यांच्यासारखे वादक त्यांच्या मांडीला मांडी लावून वाजवत होते. त्याच मुंबईत नाव कमावलेले हळदोण्याचे चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्र यांच्या हाताखाली आले आणि १९५१ च्या ‘अलबेला’तून ते वाजणे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. साम्राज्याच्या राजधानीतल्या मुलाला जे मिळत नव्हते ते साम्राज्यातल्या एका बंदरात मिळत होते. कॉलियरने जहाज का सोडले, याचे निम्मे उत्तर या विरोधात आहे.

तबकडी काय शिकवते आणि काय लपवते, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. अब्दुल करीम खाँसाहेबांची किंवा केसरबाईंची तीन मिनिटांची तबकडी ऐकून कुणाला सूर लागेल, एखादी जागा उचलता येईल. पण त्या तीन मिनिटांवरून बैठकीत राग कसा उलगडतो हे कळणार नाही. जाझचेही तसेच होते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावत, म्हणून चाल आवरती घ्यायची. जुन्या ध्वनिमुद्रणात ढोलाचा ठोका नीट उमटत नसे, म्हणून ढोलकरी हात राखून वाजवी. नाचणाऱ्या माणसांकडे बघत एकच चाल दहा मिनिटे कशी चढत जाते, ट्रम्पेट कुठे थांबते आणि क्लॅरिनेट कुठे शिरते, आवाज किती मोठा असतो, यातले काहीच तबकडीवर येत नाही. १९४९ मध्ये कॉलियरने मित्रांबरोबर लंडनच्या पश्चिमेला क्रॅनफर्ड इथे क्रेन रिव्हर जाझ बँड उभा केला. सनी मॉरिस आणि तो अशी दोन कॉर्नेट त्यात होती, कारण किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदात दोन कॉर्नेट होती. त्या बँडची ध्वनिमुद्रणे आज ऐकली तर जीव ओतलेला जाणवतो, आणि तबकडीचे बंधनही जाणवते. लय घाईची आहे, मांडणीत एक ताठरपणा आहे. कॉलियरला हे कळत होते, हे त्याचे वेगळेपण. १९५१ मध्ये तो क्रिस्टी ब्रदर्स स्टॉम्पर्स या चांगल्या चाललेल्या वाद्यवृंदात होता. तिथे थांबला असता तर नाव आणि पैसा दोन्ही हाताशी होते. त्याने पुन्हा व्यापारी जहाजाची वाट धरली.

तो पोचला ते न्यू ऑर्लिन्स वर्णभेदाच्या कायद्यांनी चिरलेले शहर होते. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला अजून सुमारे दीड वर्ष होते. वादकांच्या संघटनाही दोन होत्या, गोऱ्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी. ज्या संगीताला गोऱ्यांनी आणि काळ्यांनी मिळून शहराचा अभिमान म्हटले ते संगीत एका मंचावर मिळून वाजवण्याची मात्र मनाई होती. कॉलियर गेला तो थेट जॉर्ज लुईसकडे. १९०० मध्ये जन्मलेला हा क्लॅरिनेटवादक आयुष्याची कितीतरी वर्षे गोदीत माल उचलत होता आणि रात्री नाचाच्या दिवाणखान्यात वाजवत होता. त्याच्या वाद्यवृंदात कॉलियर जाऊन बसू लागला, एमिल बार्न्सबरोबर वाजवू लागला, आणि जे ऐकले ते पत्रांतून भावाला कळवू लागला. त्यातला काही मजकूर लंडनच्या संगीतविषयक साप्ताहिकात छापून आला आणि तिकडचे तरुण ती पत्रे अधाशासारखी वाचू लागले. लुईसच्या दौऱ्यात मुख्य ट्रम्पेटवादक म्हणून येण्याचे आमंत्रणही त्याला मिळाले. ज्या घराण्याची गायकी तबकडीवरून गिरवली त्या घराण्याच्या बुजुर्गाने शेजारी बसवावे, यापेक्षा मोठी पावती शिष्याला मिळत नाही. ती त्याच्या हाती पडायच्या आत कायदा आडवा आला. राहण्याच्या परवान्याची मुदत उलटली होती. त्याला अटक झाली आणि महिन्याहून अधिक काळ तो न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात होता. १९५२ च्या डिसेंबरात परकीयांच्या प्रवेशाविषयीचा कडक नवा कायदा अमेरिकेत लागू झाला होता, तेव्हा दयामाया होण्याचे दिवसही नव्हते. तुरुंगातून बाहेर आल्यावर, हद्दपारीपूर्वीच्या थोड्या दिवसांत, फेब्रुवारी १९५३ मध्ये त्याने बार्न्स आणि इतर स्थानिक वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केले. त्यांत अल्बर्ट ग्लेनी हा बासवादक होता, १८७० चा जन्म असलेला, बडी बोल्डनच्या काळाचा साक्षीदार. जाझ ज्याच्यापासून सुरू झाले असे मानतात त्या बोल्डनचा आवाज एकाही उपलब्ध तबकडीवर नाही. ग्लेनीच्या शेजारी उभे राहून वाजवणे म्हणजे तबकड्यांच्याही आधीच्या काळाला हात लावणे होते.

यावर पहिला आक्षेप साधा आहे. चार-दोन महिने, त्यातला एक तुरुंगात. याला तालीम म्हणायचे का? आपल्याकडे तालीम वर्षांनी मोजतात. मला वाटते, काळ मोजण्याऐवजी फरक मोजावा. परतल्यावर एप्रिल १९५३ मध्ये कॉलियर नव्या वाद्यवृंदासह डेन्मार्कला गेला. ख्रिस बार्बर, मन्टी सनशाईन आणि लॉनी डोनेगन त्यात होते. कोपनहेगनमधली त्यांची ध्वनिमुद्रणे आणि त्याच सप्टेंबरात लंडनमध्ये मुद्रित झालेली ‘न्यू ऑर्लिन्स टू लंडन’ ही तबकडी क्रेन रिव्हरशेजारी ठेवून ऐकली तर फरक कानाला लगेच कळतो. लय खाली आली आहे, पण ठोका अधिक जड, अधिक नाचरा झाला आहे. ट्रम्पेट वरच्या पट्टीत चमकायला जात नाही. मधल्या पट्टीत, अनेकदा तोंडावर झाकण धरून, चाल सरळ मांडते आणि बाकीच्यांना तिच्याभोवती हिंडायला जागा देते. एकेकट्याने उठून आपली करामत दाखवायची आणि इतरांनी गप्प राहायचे, ही रीत जवळपास गेली आहे. आणखी एक पुरावा चालींच्या निवडीत आहे. त्या तबकडीवर ‘आयल ऑफ कॅप्री’ ही चाल आहे, १९३४ मध्ये लंडनमध्येच लिहिलेले एक लोकप्रिय गाणे. पुस्तकी शुद्धतावाद्याने तिला शिवले नसते. न्यू ऑर्लिन्सचा नाचाचा वाद्यवृंद मात्र भजन, कवायतीची धून, रॅगटाईम आणि परवा बाजारात आलेले गाणे हे सगळे एकाच रात्री वाजवतो, हे कॉलियरने तिथे डोळ्यांनी पाहिले होते. एवढी गोष्ट कुठल्याही तबकडीने त्याला शिकवली नसती, कारण शौकिनांनी जमवलेल्या तबकड्या आधीच चाळणीतून गेलेल्या होत्या.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो जाणकारांचा आहे. १९५२ मध्ये कॉलियरला न्यू ऑर्लिन्समध्ये जे सापडले ते अस्सल म्हणावे का? बंक जॉन्सन हा विस्मृतीत गेलेला ट्रम्पेटवादक १९४० च्या आसपास गोऱ्या संग्राहकांनी शोधून काढला, विल्यम रसेलने १९४२ पासून त्याची ध्वनिमुद्रणे केली, आणि त्याच्याबरोबर लुईस प्रकाशात आला. तेव्हा ही ‘परंपरा’ म्हणजे संग्राहकांच्या आवडीने उजळलेला एक कोपरा होता. शहरातले तरुण तोवर रिदम अँड ब्लूजकडे वळले होते. या म्हणण्यात तथ्य आहे. फॅट्स डॉमिनो त्याच शहरात, त्याच वर्षांत ध्वनिमुद्रणे करत होता, आणि कॉलियरने त्या संगीताकडे फारसे लक्ष दिले नाही, ही त्याची मर्यादा मान्य केली पाहिजे. पण आक्षेप इथेच थांबत नाही, तो असेही सुचवतो की लुईसचे वाजणे संग्राहकांसाठी मांडलेले प्रदर्शन होते. ते मला पटत नाही. लुईस आणि बार्न्स संग्राहक येण्यापूर्वी पंचवीस-तीस वर्षे वाजवत होते, दिवसा मजुरी करून, आपल्याच वस्तीतल्या नाचांसाठी आणि अंत्ययात्रांसाठी. संग्राहकांनी त्यांना श्रोते दिले, वाजवण्याचा हात दिला नाही. शिवाय प्रत्येक परंपरा कुणीतरी निवडूनच पुढे नेते. भातखंड्यांनी गावोगावचे खाँसाहेब गाठून चिजा लिहून घेतल्या तेव्हा काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे त्यांनीही ठरवले. म्हणून त्या चिजा खोट्या ठरत नाहीत.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि रंगाचा आहे, आणि त्याचे उत्तर देताना घाई करू नये. कृष्णवर्णीय मजूर-वादकांकडून एक गोरा इंग्रज शिकून गेला आणि त्यावर इंग्लंडमध्ये नाव कमावले. त्यांना काय मिळाले? कॉलियरला कायदा मोडल्याबद्दल शिक्षा झाली खरी, पण तो कायदा त्याच्यासाठी तात्पुरता होता. तो घरी गेला. लुईस आणि बार्न्स वर्णभेदाच्या कायद्यांखाली राहिले. हे असंतुलन कुठल्याही सद्भावनेने मिटत नाही. तरीही त्याने केलेल्या दोन गोष्टी जमेस धराव्या लागतील. शिकवणाऱ्यांचे ऋण त्याने कधी झाकले नाही. आपण जे वाजवतो ते कुणाचे, हे तो नाव घेऊन सांगत राहिला. आणि १९५७ मध्ये, बंदी उठल्यानंतर लगेच, जॉर्ज लुईस इंग्लंडच्या दौऱ्यावर आला तो कॉलियरच्या वाद्यवृंदाबरोबर वाजवायला. जे न्यू ऑर्लिन्समध्ये कायद्याने करता येत नव्हते ते इंग्लंडच्या शहरांत भरल्या सभागृहांपुढे झाले. दोनच वर्षांनी लुईस आपला पूर्ण वाद्यवृंद घेऊन आला. गोदीत माल उचललेल्या माणसाला म्हातारपणी जो परदेशी श्रोता मिळाला तो घडवण्यात कॉलियरच्या त्या पत्रांचा आणि वाजवण्याचा वाटा मोठा आहे.

राहिला त्याचा हट्ट. मे १९५४ मध्ये वाद्यवृंद फुटला आणि बार्बर, सनशाईन, डोनेगन एका बाजूला गेले. लयीचा ठोका कसा असावा, यावरचे ते मतभेद होते. कॉलियर तडजोडीला तयार नव्हता आणि स्वभावानेही सोपा नव्हता. हिशेब मांडणारा म्हणेल की हट्टाची किंमत त्यानेच मोजली. बार्बरच्या तबकडीसाठी त्याच जुलैत डोनेगनने गायलेले ‘रॉक आयलंड लाईन’ १९५६ मध्ये अटलांटिकच्या दोन्ही काठांवर गाजले, आणि गिटार, धुण्याची पत्र्याची फळी आणि चहाच्या खोक्याचा बास घेऊन इंग्लंडभर पोरे स्किफल वाजवू लागली. लिव्हरपूलमधल्या जॉन लेननचा पहिला चमूही स्किफलचाच होता. पण कार्यक्रमाच्या मध्यंतरात स्किफल वाजवण्याची रीत कॉलियर क्रेन रिव्हरच्या दिवसांपासून पाळत होता, आणि या वाजवण्याला स्किफल हे नाव चिकटले ते त्याचा भाऊ बिल याच्यामुळे. बार्बरला त्याचे श्रेय पुरते दिले पाहिजे. १९५७ मध्ये सिस्टर रोझेटा थार्प आणि १९५८ मध्ये मडी वॉटर्स यांना ब्रिटनमध्ये आणणारा तोच. उघड्या मनाने शिकणारे आणि पसरवणारे त्याच्यासारखे लागतातच. मात्र पसरवायला काहीतरी शिल्लक असावे यासाठी एखाद्याला अडून बसावे लागते. आक्षेपक ज्याला आडमुठेपणा म्हणतात तो मला तालमीचा परिणाम वाटतो: गुरूच्या तोंडून एकदा ऐकलेली गोष्ट श्रोत्यांच्या टाळ्यांसाठी बदलायची नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. हे करताना तो चुकलाही असेल, विशेषतः माणसांशी वागताना. लयीच्या बाबतीत तो चुकला नाही.

त्याच्या पुढच्या वर्षांविषयी या पानांत पुष्कळ येईल, म्हणून इथे थोडक्यात. लंडनच्या ग्रेट न्यूपोर्ट स्ट्रीटवर तळघरात ‘स्टुडिओ ५१’ नावाचा क्लब होता. तो पुढे केन कॉलियर क्लब म्हणूनच ओळखला जाऊ लागला. १९६३ मध्ये रविवारी दुपारी तिथे रोलिंग स्टोन्स वाजवत. न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रांत आणि मिरवणुकांत ऐकलेल्या बँडच्या धर्तीवर त्याने ओमेगा ब्रास बँड उभारला, आणि लंडनच्या रस्त्यांवर ते चालते वाजणे प्रथम आणले. जर्मनीत त्याला कायमचा श्रोता मिळाला. मागोमाग इंग्लंडचे तरुण न्यू ऑर्लिन्सला जाऊ लागले, आता कायदेशीरपणे. ट्रम्पेटवादक क्लाइव्ह विल्सन १९६४ मध्ये गेला तो तिथलाच झाला. १९७२ च्या सुमारास पोटाच्या कर्करोगाने कॉलियर खचला, बरा झाला, पुन्हा वाजवू लागला, आणि ८ मार्च १९८८ रोजी फ्रान्सच्या दक्षिणेत वारला. शेवटही परदेशातच झाला. गोऱ्या आणि काळ्या वादकांच्या न्यू ऑर्लिन्समधल्या त्या दोन संघटना तोवर एक झालेल्या होत्या.

वाचकाला एक विनंती आहे. हे पुस्तक वाचायला घेण्यापूर्वी क्रेन रिव्हर जाझ बँडचे १९५० चे एखादे ध्वनिमुद्रण ऐकावे, मग फेब्रुवारी १९५३ मध्ये एमिल बार्न्सबरोबर केलेले, आणि शेवटी ‘न्यू ऑर्लिन्स टू लंडन’. क्रम बदलू नये. ट्रम्पेटकडे लक्ष न देता आधी ठोक्याकडे द्यावे.